आत्ती बॅकग्राउंडला गेली

लग्न लावून देणं हे फारसं अवघड काम नाही, असं नेमिनाथ मगदूम यांचं मत होतं, आणि ते मत लेकीच्या लग्नाची फिल्म घरी येईपर्यंत टिकलं.

नेमिनाथांचं निपाणीत पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान. मार्गशीर्षात त्यांनी ब्राह्मीचं लग्न असं पार पाडलं की आमटी कमी पडली नाही, व्याही रुसले नाहीत, आणि बेळगावहून आलेल्या वऱ्हाडातल्या एकाचीही चप्पल हरवली नाही. रुसायला कुणाला कारणच उरलं नव्हतं. पुढे जे कारण निघालं ते निपाणीत तयार झालेलं नव्हतं. ते जपानहून आलं होतं.

ब्राह्मी आणि जावई वृषभ पेनड्राइव्ह घेऊन आले त्या रविवारी नेमिनाथांनी सगळ्या गल्लीला बोलावलं. चिकोडीहून थोरली बहीण अक्काताई आली. ब्राह्मी तिला आत्ती म्हणे. नेमिनाथ आक्का म्हणत आणि थोडे घाबरतही. नेमिनाथांच्या सौ. रूपालीवहिनींनी चिवडा केला. शेजारचे मारुतीराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून गल्लीला सल्ला देण्याच्या कामावर रुजू झालेले, टीव्हीच्या अगदी पुढ्यातली खुर्ची धरून बसले. त्यांना खास घाई होती. लग्नात त्यांनी कोल्हापूरचा माणूस बोलावून गुलाबी फेटा बांधून घेतला होता आणि तो अजून कुणाला नीट बघायला मिळालेला नाही, अशी त्यांची समजूत होती.

फिल्म सुरू झाली. आधी एक पान दिसलं. पानावर दवाचा थेंब. थेंब पडेना.

“हे कुणाचं शेत?” मारुतीरावांनी विचारलं.

“काका, तो मूड हाय,” ब्राह्मी म्हणाली.

थेंब पडला. मग ब्राह्मीची पापणी आली, अख्ख्या टीव्हीभर. मग वृषभच्या शेरवानीचं एक बटण. मग दोघं चालत आली, इतकी हळू की वहिनींना वाटलं टीव्ही अडकला. लेक दिसत होती मात्र अप्सरेसारखी. तिच्यामागे लाल, पिवळे, निळे प्रकाशाचे गोळे तरंगत होते. पोरीबाळी हरखून गेल्या. “अगं, सेम कोरियन सिरीयल,” कुणीतरी कुजबुजलं. नेमिनाथांची छाती फुगली.

“ब्राह्मीच्या खांद्यामागं ते नारिंगी काय हाललंय?” आक्काने विचारलं.

सगळ्यांचे हात चिवड्यात गेले. शेवटी वहिनी हळूच म्हणाल्या, “आक्का, ती तुमची साडी.”

आक्का अक्षता पडेपर्यंत ब्राह्मीच्या मागे उभी होती. ‘आत्ती, माझ्या मागंच थांब, मला भ्या वाटालंय,’ असं पोरीनेच सांगितलं होतं म्हणून. पाय सुजले तरी हलली नव्हती. आता ती डोळे बारीक करून स्वतःला शोधू लागली. नारिंगी ढगाच्या वरच्या अंगाला एक गव्हाळ डाग होता. तो बहुधा चेहरा.

“आत्ती, असंच असतंय गं. मागचं ब्लर करत्यात,” ब्राह्मी म्हणाली.

जावयाने मदत करायला तोंड उघडलं. “म्हणजे काय, आत्ती, सब्जेक्ट तेवढा शार्प ठेवायचा. बॅकग्राउंड धूसर.”

“म्हंजे मी बॅकग्राउंड,” आक्का म्हणाली आणि कप खाली ठेवला.

तोवर मारुतीरावांनाही फेटा सापडला होता. एक गुलाबी गोळा डावीकडून उजवीकडे सरकत होता. पंगत उजवीकडे होती म्हणून त्यांनी तो ओळखला. बाकीचेही आपापला रंग शोधू लागले. मामा हिरवे निघाले. व्याही आणि विहीणबाई एकाच तपकिरी गोळ्यात मावले होते. चहा निवायच्या आत फिल्म संपली, आणि शेवटी परत ते पान आलं. त्या पानाची मात्र एक-एक शीर दिसत होती.

आक्का जेवायला थांबली नाही. चिकोडीची बस धरून गेली.

“तुझी आत्ती बॅकग्राउंड हाय व्हय गं?” नेमिनाथांनी ती गेल्यावर लेकीला विचारलं. ब्राह्मीला रडू फुटलं. तिने फक्त मोबाइलवर बघितलं तसं मागितलं होतं. तिच्या सगळ्या मैत्रिणींचं तसंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. बातमी निपाणीतून संकेश्वर, तिथून हुक्केरी अशी गेली होती. “नेमूशेठ, आमी कुठल्या रंगाचं हाओत?” पाहुणे विचारत. एका मावसभावाला तर आपण फिल्ममध्ये आहोत की तो मांडवाचा पडदा आहे, याचाच खुलासा हवा होता.

नेमिनाथ उठले आणि बेळगावला गेले. खडेबाजारात किशनचा स्टुडिओ होता. त्यानेच शूटिंग केलं होतं. भला पोरगा. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाटातून मखमलीत गुंडाळलेली एक जाडजूड काच काढली आणि पोराला दृष्ट लागू नये अशा बेताने दाखवली.

“काका, ह्या जपानी काचेची करामत. जो पुढं त्याला धरती, बाकी सगळं लोण्यागत वितळवती.”

“माझी बहीण वितळली की रं. तेवढी घट्ट कर.”

“ते होत न्हाय. कॅमेऱ्यानं बघितलंच न्हाय तर मी कुठनं आणू?” किशन खुर्ची ओढून बसला. “पूर्वी माझं वडील खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवातलं एक माणूस सोडत नव्हते. भांडी, आहेर, जेवणारं, झोपलेलं, सगळं. आता पोरी येत्यात, मोबाइलवर परदेशी सिरीयल दाखवत्यात, म्हणत्यात दादा, मागं असं गोळं पाहिजेत. आपल्या कार्यालयात ट्यूबलाइट. ट्यूबलाइटचं गोळं कुठलं यायला? मग मी दिव्यांची माळ पिशवीत घालून फिरतो. लावतो, गोळं काढतो, परत गुंडाळतो. वडिलांचा कॅमेरा भंगारात गेला काका. ज्याला माणसं दिसत होती तो कॅमेरा आता कोण मागत न्हाय.”

“मग आता?”

“दुसरी बारकी काच हाय. तिच्यात सगळं लख्ख दिसतंय, पुढचं बी, मागचं बी. पण त्याला लग्न परत पाहिजे.”

नेमिनाथ परतीच्या वाटेवर चिकोडीत उतरले. दारात दाजी भेटले, म्हणजे आक्काचे यजमान. “आत हाय,” ते म्हणाले, “पण मी तुला भेटलो न्हाय.” आणि गोठ्याकडे निघून गेले.

आक्का शेंगा फोडत होती. नेमिनाथांना बघून तिने सूप दुसऱ्या बाजूला ओढलं. मग ती म्हणाली, “मला हौस न्हाय रं नेमा नटायची. पण उद्या ब्राह्मीला पोरं हुतील. मी तवर असंन, नसंन. ती पोरं फिल्म बघून विचारतील, आईच्या मागं हे कोण उभारलंय. तर काय सांगशील? रंग हाय म्हणून?”

नेमिनाथांच्या तोंडून निघून गेलं, “आक्का, लग्न परत लावतो.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. पण आक्काने एक शेंग फोडून दाणे त्यांच्या हातावर ठेवले होते. आता माघार नव्हती.

वहिनींनी ऐकल्यावर कपाळाला हात लावला, पण गल्लीत उत्साहाची लाट आली. ज्यांना फिल्म आवडली नव्हती तेच आता सगळ्यात पुढे होते. मारुतीराव रोज सकाळी नवीन मुद्दा घेऊन येत. “नेमिनाथ, आपण शेतात करू. ओपन पाहिजे. फ्रेम मोठी मिळती.” दुसऱ्या दिवशी, “ड्रोन पाहिजेच. वरनं घेतलं की कुणाला मागचा-पुढचा म्हणता येत न्हाय.” तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “मी चालत येताना स्लो मोशन होईल का? एवढंच. बाकी माझं काय म्हणणं न्हाय.” घरी मोबाइलवर ते आता परदेशी सिरीयली बघू लागले होते. ‘अभ्यास म्हणून,’ असं त्यांच्या सौ. सांगत.

शेत ठरलं. नेमिनाथांचं रान निपाणीहून कोल्हापूरच्या बाजूला, अगदी हद्दीवर. शेवटच्या बांधापर्यंत कर्नाटक, बांधापलीकडे महाराष्ट्र आणि शेजारचा शेतकरी भरमू याचा शाळू, म्हणजे उभी ज्वारी. मांडव आणि माइक म्हटल्यावर परवानगी आली. परवानगी म्हटल्यावर ऑफिस आलं.

ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि परत लावला.

“मत्ते मदुवे?” ते म्हणाले. “परत लग्न? पहिली बायको कुठाय?”

“तीच हाय साहेब. नवरा बी तोच. आणि लग्न माझं न्हाय, पोरीचं.”

“मग झालेलं लग्न परत कशाला?”

“पाहुणे दिसले न्हाईत.”

“आले नव्हते?”

“आलते. दिसले न्हाईत.”

साहेबांनी पाणी पिऊन घेतलं. कानडीत, मराठीत आणि मधूनमधून इंग्रजीत त्यांनी समजावलं की लग्न एकदा झालं की ते झालेलं असतं. झालेल्या कामाला परवानगी देण्याची पद्धत नाही. नेमिनाथ हिरमुसले. तेव्हा सोबत आलेल्या मारुतीरावांनी खात्यातला सगळा अनुभव पणाला लावून सुचवलं, “साहेब, लग्न म्हणू नका. शूटिंग लिहा.”

ही सूचना साहेबांना आवडली. त्यांनी लगेच वेगळा कागद काढला. शूटिंग असेल तर सिनेमाचं नाव काय? हिरो कोण?

“जावई,” नेमिनाथ म्हणाले.

“भाषा? कानडी का मराठी?”

“घरातच हाय साहेब, दोन्ही चालतंय.”

“प्राणी आहेत?”

“नवरदेवाची घोडी.”

“मग जनावराच्या डॉक्टरचा दाखला आणा. घोडीला त्रास देणार नाही असं लिहून पाहिजे.”

डॉक्टर घोडीजवळ गेले तेव्हा तिने त्यांनाच त्रास दिला. दाखला मिळाला नाही. नवरदेवाने मोटारसायकलवरून यायचं ठरलं. वृषभला बेळगावच्या कंपनीत रजा मिळवताना जे झालं ते त्याने सासऱ्यांना सांगितलं नाही. एवढंच कळलं की ‘लग्नासाठी’ हे कारण एका वर्षात दोनदा लिहिता येत नाही, आणि त्याच्या वरिष्ठ बाईंनी ब्राह्मीला एकटीला फोन करून ‘सगळं ठीक आहे ना,’ असं काळजीने विचारलं होतं.

उपाध्यांचं काही वेगळंच होतं. “एका जोडप्याचं लग्न मी एकदाच लावतो,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी ओठ हलवीन. आवाज निघणार न्हाय.”

असं करत शूटिंगचा दिवस उजाडला. लग्नाला आली त्याहून जास्त माणसं आली. त्या वेळी ज्यांना जमलं नव्हतं तेही आले, कारण लग्न चुकवता येतं, शूटिंग नाही. ब्राह्मीच्या हातावरची मेंदी केव्हाच उतरली होती. ती मैत्रिणींनी पेनने काढली. वृषभने मधल्या काळात दाढी ठेवली होती. ती काढायला लावली. आक्का तीच नारिंगी साडी नेसून आली आणि काही न बोलता ब्राह्मीच्या मागे उभी राहिली. किशनने बारकी काच लावली. सगळं जमून आलं.

आणि मग कुणीच कॅमेऱ्याकडे बघेना.

महिनाभर मोबाइलवर अभ्यास करून गल्ली तयार झाली होती. मारुतीराव फेटा बांधून, एक हात खिशात घालून, दूर डोंगराकडे बघत उभे. त्यांच्या सौ. जमिनीकडे बघून मंद हसत होत्या. हिरवे मामा आकाशाकडे. एक काकू तर विनाकारण डोळ्यांत पाणी आणून वाऱ्यावर पदर सोडत होत्या.

“मारुतीकाका, हिकडं बघा की,” किशन ओरडून ओरडून दमला.

“सरळ बघितलं की जुन्या कॅसेटसारखं दिसतंय,” मारुतीराव डोंगरावरची नजर न काढता म्हणाले.

नेमिनाथ एकेकाची हनुवटी धरून वळवत होते. एकाला वळवून दुसऱ्याकडे गेले की पहिला परत डोंगराकडे. खुर्च्या हलव, सतरंजी ओढ, मागच्यांना पुढे आण, पुढच्यांना खाली बसव. लेकीच्या खऱ्या लग्नात ते एवढे धावले नव्हते. उपाध्यांनी ओठ हलवले, चिडीचूप शांततेत अक्षता पडल्या, आणि भर दुपारी सगळं रान कानात बोळे घातल्यासारखं झालं. त्यात एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “मला आता अजिबातच ऐकू यीना झालंय.” त्याला समजवायला आणखी वेळ गेला.

शेवटी ड्रोन उडाला. सगळ्यांनी माना वर केल्या आणि हात हलवले. फाल्गुनाचं वारं होतं. ड्रोन थोडा वर गेला, थोडा कलला, आणि किशनच्या हातातल्या यंत्राला न जुमानता सावकाश उत्तरेकडे निघाला.

“कुठं चाललंय ते?” कुणीतरी विचारलं.

“म्हाराष्ट्रात,” किशन रडवेल्या आवाजात म्हणाला.

नेमिनाथ धावले. नवीन धोतर, डोक्यावर टोपी, एक हात वर, जणू बस चुकत होती. बांध ओलांडून ते पोचले तोवर ड्रोन भरमूच्या शाळवात उतरला होता आणि भरमू त्याच्याकडे विळा घेऊन बघत उभा होता.

“आमचं हाय ते,” नेमिनाथ धापा टाकत म्हणाले.

“माझ्या रानात उतरलंय,” भरमू म्हणाला. “माझ्या शाळवाचं शूटिंग केलंय का?”

“आलं आसंल की.”

“मग मला बी दाखवायचं. वरनं कसा दिसतोय ते मी कदी बघितलं न्हाय.”

अशा रीतीने दुसऱ्या फिल्मला महाराष्ट्रातून एक प्रेक्षक मिळाला.

फिल्म आली त्या संध्याकाळी नेमिनाथांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भरमू दारात बसला होता. आक्का पुढे. सुरुवात झाली आणि आरडाओरडा सुरू झाला. ही बघ मी. हे आमचं हे. अगं, तुझी नथ बघ. सगळं लख्ख. मांडवाच्या शेवटच्या खांबाची गाठसुद्धा दिसत होती. नेमिनाथ भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांना वाटत होतं, जिंकलो.

आरडाओरडा कमी कधी होत गेला ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मारुतीरावांचा फेटा झकास आला होता. पण फेट्याखालून, उन्हाने, केसांचा काळा रंग कानापर्यंत ओघळलेला होता आणि तोही झकास आला होता. विहीणबाईंच्या पावडरीची हद्द गळ्यावर सरळ रेषेत दिसत होती. मामांच्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग बघून मामींनी मामांकडे बघितलं. बायका पदराने हनुवटी झाकून टीव्ही बघू लागल्या.

“तुमी एवढं म्हातारं कदी झालासा हो?” मारुतीरावांच्या सौ. हळूच म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

मारुतीराव खाकरले. “किशन, चांगलं झालंय. प्रश्नच न्हाय. पण ते पहिलं... थोडं, म्हंजे अगदी थोडं, कपाळापासनं कानापर्यंत... ती जर्मन का जपानी काच लावता येईल का?”

“मला गळ्यापास्नं,” विहीणबाई म्हणाल्या.

“मला सगळ्यालाच,” मामा म्हणाले.

महिनाभराची धावपळ, घोडी, साहेब, मुके उपाध्ये, सगळं नेमिनाथांच्या डोळ्यांपुढून गेलं. ते आक्काकडे बघू लागले. आता हिने जर तेच मागितलं तर आपण भरमूच्या रानात जाऊन बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आक्का टीव्हीच्या इतकी जवळ गेली होती की तिचं नाक काचेला लागत होतं. तिच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती पडद्यावर होती. पण ती स्वतःकडे बघतच नव्हती. तिची नजर मांडवाच्या कडाकडांनी फिरत होती.

“ह्यात नेमा कुठाय?” तिने विचारलं.

खरंच की. ब्राह्मीने फिल्म मागे नेली. पुढे नेली. आहेराच्या वेळी नेमिनाथ नव्हते. अक्षतांच्या वेळी नव्हते. पंगतीत नव्हते. लोक गळा, कान, कपाळ विसरले आणि टीव्हीजवळ सरकले. “हा बघ कोपर,” कुणीतरी ओरडलं. एका कडेला एक कोपर खुर्ची ओढत होतं. “ती पाठ त्यांचीच.” “न्हाय, ती आचाऱ्याची.” “हे धोतराचं टोक कुणाचं?” भरमू आत येऊन बसला. शेजारची नवी सूनबाईसुद्धा डोक्यावरचा पदर सोडून शोधू लागली. मांडवातल्या प्रत्येक माणसाला नेमिनाथांनी धरून पुढे आणलं होतं आणि स्वतः कुठल्याच फ्रेममध्ये पुरते आले नव्हते.

“पप्पा, तुमी एकदा तरी थांबायचं हुतं की,” ब्राह्मी म्हणाली.

वृषभ एवढा वेळ गप्प होता. सासुरवाडीत बोलायचं नाही हे त्याने पहिल्या फिल्मच्या वेळीच शिकून घेतलं होतं. तो आता चाचरत म्हणाला, “ड्रोनचं फुटेज बघितलं नाही अजून.”

किशनने तो तुकडा वाया गेला म्हणून वेगळा ठेवला होता. लावला. मांडव वर आला, लहान झाला, तिरका झाला. हात हलवणारी माणसं कडेला सरकून गेली. मग नुसती मोकळी काळी माती, आणि त्या मातीवरून, एकटा, टोपी एका हाताने डोक्यावर दाबून, दुसरा हात आभाळाकडे करून, वर बघत धावणारा एक माणूस. तोंड उघडं. चेहरा इतका लख्ख की घामाचा थेंब दिसत होता. बांध आला. त्यांनी उडी मारली, धोतर सावरलं आणि कुठल्या राज्यात आहोत याची फिकीर न करता शाळवातून धावत राहिले.

“माझा शाळू,” भरमू मागून समाधानाने म्हणाला.

आक्काने पदर डोळ्यांना लावला. ती हसत होती की काय, कळेना. मग तिने किशनच्या दंडावर थाप मारली.

“परत लाव,” ती म्हणाली. “आणि हे जरा हळू पळव. एवढं चांगलं पळालंय माझं पोरगं, भर्रकन संपतंय.”